एका छपराखाली किती चुली?

इंग्लंडात शिकायला गेलेली मराठी मुले आजकाल चार-सहा जणांत मिळून एक घर भाड्याने घेतात. प्रत्येकाची खोली स्वतंत्र, स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक किंवा दोन. अशा घरात पाच किंवा अधिक माणसे राहणार असतील आणि ती सगळी एकाच कुटुंबातली नसतील, तर घरमालकाला स्थानिक कौन्सिलकडून लायसन्स घ्यावे लागते. हॉटेलला, रिक्षाला, फटाक्यांच्या दुकानाला परवाना लागतो हे आपल्या अंगवळणी पडले आहे. स्वतःच्या घरातल्या खोल्या भाड्याने देण्यालाही तो लागावा, याचे मला नवल वाटले आणि त्या नवलापोटी मी या नियमाचा माग काढू लागलो. तो मला १८५१ सालापर्यंत मागे घेऊन गेला.

पावणेदोनशे वर्षांच्या या प्रवासात कायद्याचे नाव बदलले, दंड बदलले, मोजमापे बदलली. प्रश्न मात्र तोच राहिला: एका छपराखाली राहणारी ही माणसे एकमेकांची कोण? आणि त्याच्या पोटात दुसरा, अधिक बोचरा प्रश्न: नियम मोडला तर रस्त्यावर कोण येणार, मालक की भाडेकरू? पहिल्या प्रश्नाचा काथ्याकूट न्यायालयांनी पुष्कळ केला आहे. दुसऱ्याकडे लक्ष जायला फार वेळ लागला.

चार पेन्सची रात्र

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये रोजच्या रोज भाडे देऊन राहणाऱ्यांची संख्या प्रचंड होती. रेल्वेच्या कामावरचे मजूर, फेरीवाले, दुष्काळातून जीव वाचवून आलेली आयरिश कुटुंबे, कामाच्या शोधात खेड्यातून आलेले तरुण. तीन-चार पेन्स मोजले की रात्रीपुरती पथारी मिळे. एका खोलीत अनोळखी स्त्री-पुरुष, मुले, आजारी माणसे एकत्र निजत. १८४८-४९च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर या लॉजिंग हाउसेसकडे शहराचे लक्ष गेले. खोलीत माणसे कशी जगतात यापेक्षा तिथला रोग आपल्या गल्लीत येईल का, ही धास्ती त्यात मोठी होती.

गिरण्यांतल्या मुलांच्या कामाचे तास कमी व्हावेत म्हणून झगडलेले लॉर्ड अ‍ॅश्ली, म्हणजे पुढचे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी, यांनी १८५१मध्ये कॉमन लॉजिंग हाउसेस अ‍ॅक्ट मांडला. त्याच वर्षी जूनमध्ये चार्ल्स डिकन्सने आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात इन्स्पेक्टर फील्ड या पोलीस अधिकाऱ्याबरोबर सेंट जाइल्सच्या वस्तीतल्या अशा घरांतून रात्री केलेल्या फेरीचे वर्णन छापले. या कायद्यान्वये प्रत्येक लॉजिंग हाउसची नोंदणी सक्तीची झाली. निरीक्षकाला घरात शिरण्याचा अधिकार मिळाला. कोणी तापाने फणफणला तर मालकाने कळवणे बंधनकारक झाले. दर वर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भिंतींना आणि छताला चुना लावायचा, हाही नियम होता. आपल्या दिवाळीआधीच्या रंगसफेदीसारखाच, फक्त पाठीमागे सण नसून पोलीस उभा. लंडनमध्ये अंमलबजावणी पोलीस खात्याकडेच होती. ती १८९४मध्ये लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली.

दोन वर्षांनी आलेल्या दुरुस्तीत आणखी एक कलम होते. लॉजिंग हाउस चालवू इच्छिणाऱ्याकडून तीन करदात्या रहिवाशांच्या सहीचा चारित्र्याचा दाखला मागता येई. आजच्या इंग्लिश कायद्यात लायसन्स मागणारा मालक 'फिट अँड प्रॉपर', म्हणजे लायक आणि सचोटीचा असावा लागतो, त्याचे मूळ या दाखल्यात आहे.

पण 'कॉमन लॉजिंग हाउस' म्हणजे नेमके कोणते घर? १८५१च्या कायद्यात त्याची पुरेशी व्याख्याच नव्हती. सरकारच्या कायदेतज्ज्ञांना मत द्यावे लागले. त्यांच्या मते जिथे गरीब वर्गातली माणसे थोड्या मुदतीसाठी घेतली जातात आणि एकमेकांना अनोळखी असूनही एका खोलीत राहतात, ते घर कॉमन लॉजिंग हाउस. या व्याख्येत 'गरीब' आणि 'अनोळखी' हे दोन शब्द कळीचे आहेत. सुखवस्तू माणूस हॉटेलात अनोळखी लोकांबरोबर राहिला तर तो पाहुणा. गरीब राहिला तर तो तपासणीचा विषय.

दारावरचा पत्रा

नियमाचे सर्वांत कठोर रूप ग्लासगोत दिसले. १८६२च्या ग्लासगो पोलीस कायद्याने नगरपालिकेला लहान घरे मोजण्याचा अधिकार दिला. तीनपेक्षा जास्त खोल्या नसलेले आणि एकूण २००० घनफुटांपर्यंतचे घर असेल तर अधिकारी येऊन त्याचे माप घेत आणि दारावर धातूचा एक पत्रा ठोकत. त्यावर घराचे घनफळ आणि आत किती प्रौढांना झोपण्याची मुभा आहे तो आकडा. हिशेब माणशी ३०० घनफुटांचा. आठ वर्षांखालचे मूल अर्धे धरायचे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली म्हणजे १००० घनफूट, म्हणजे तीन माणसे. या घरांना ग्लासगोकर 'तिकीट लागलेली घरे' म्हणत. १८८०च्या दशकात त्यांची संख्या वीस हजारांवर गेली होती.

पत्र्यावरचा आकडा पाळला जातो का हे बघायला सॅनिटरी इन्स्पेक्टर मध्यरात्रीनंतर दार ठोठावत. जादा माणसे सापडली की खटला. म्हणून ठोठावणे ऐकू आले की माणसे कपाटात दडत, पलंगाखाली सरकत, छपरावर चढत. ग्लासगोच्या थंडीत छपरावर बसून इन्स्पेक्टर जाण्याची वाट पाहणारा भाडेकरू डोळ्यांसमोर आणला की कायद्याचा हेतू आणि परिणाम यांतले अंतर कळते. मराठी वाचकाला इथे १८९७चे पुणे आठवल्याशिवाय राहणार नाही. प्लेगचा बंदोबस्त हा उद्देश नाकारता येत नव्हता, पण घरात घुसणारे सोजीर लोकांच्या लक्षात राहिले. ग्लासगोचा इन्स्पेक्टर रँडसाहेबाच्या सोजिरांइतका उद्दाम नसेल. तरी रात्रीच्या त्या थापेत आरोग्यखात्याची काळजी कमी आणि पोलिसी दरारा जास्त ऐकू येई.

ग्लासगोचे आरोग्याधिकारी जेम्स बर्न रसेल यांनी १८८८मध्ये 'लाइफ इन वन रूम' नावाचे व्याख्यान दिले. एका खोलीत जन्म, आजारपण, स्वयंपाक, झोप आणि मृत्यू कसे एकमेकांना खेटून असतात, हे त्यांनी ऐकणाऱ्या सुखवस्तू लोकांपुढे मांडले. रसेल यांच्या हाताखालची यंत्रणाच ती घरे मोजत होती. मोजून दाटी कमी होत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आठ माणसांच्या कुटुंबाला 'तुम्ही तीनच राहा' असे सांगितल्यावर उरलेल्या पाचांनी कुठे जायचे, याचे उत्तर त्या पत्र्यावर लिहिलेले नव्हते.

सत्तर चौरस फूट

मोजण्याची ही रीत पुढे साऱ्या इंग्लंडात पसरली. १९३५च्या हाउसिंग अ‍ॅक्टने दाटीची व्याख्या करताना घनफुटाऐवजी चौरस फूट घेतला. ११० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या खोलीत दोन माणसे, ७० ते ९० चौरस फुटांत एक, ५० ते ७० चौरस फुटांत अर्धे, म्हणजे एक लहान मूल. ५० चौरस फुटांहून लहान जागेत कोणीच नाही. आता आजचा नियम पाहा. इंग्लंडात २०१८पासून लायसन्स असलेल्या सामायिक घरात एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांच्या खोलीला १०.२२ आणि दहा वर्षांखालील मुलाच्या खोलीला ४.६४ चौरस मीटर जागा लागते. हे विचित्र दशांश आले कुठून, असा प्रश्न मला पडला होता. गुणाकार केला की उलगडते: हेच ते ७०, ११० आणि ५० चौरस फूट, मीटरच्या वेषात.

हे आकडे मुंबईकराला टोचल्याशिवाय राहणार नाहीत. १९२०च्या दशकात मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला ज्या बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. इंग्लंडातल्या पुढच्या मापाने तिथे दोन माणसे मावतात. प्रत्यक्षात तिथे तीन-तीन पिढ्यांचे संसार झाले. एका साम्राज्यात माणसाच्या झोपेला दोन मापे होती.

काळ्या भाडेकरूचे घर

साम्राज्यातून माणसे विलायतेत गेली तेव्हा त्यांना घर मिळणे हाच पहिला अडसर होता. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५मध्ये लंडनच्या हायगेट भागात 'इंडिया हाउस' उघडले, ते हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणून. सावरकर १९०६मध्ये तिथे राहायला गेले, म्हणून ते घर आपल्याला क्रांतिकारकांचे केंद्र म्हणून माहीत आहे. पण त्याची निकड खोलीच्या प्रश्नातून आली होती, हेही ध्यानात ठेवावे. डॉ. आंबेडकर १९२१-२२मध्ये १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन स्मारक केले, तेव्हा कॅम्डेन कौन्सिलशी वाद झाला. राहते घर संग्रहालय झाल्याने वस्तीतले एक घर कमी होते, हा कौन्सिलचा मुख्य आक्षेप होता. अखेर २०२०मध्ये मंत्रिपातळीवर परवानगी मिळाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्ट इंडीज, भारत, पाकिस्तानातून हजारो कामगार ब्रिटनमध्ये गेले. 'काळ्यांना जागा नाही' अशा पाट्या खिडक्यांत उघड लागत. १९५७च्या रेंट अ‍ॅक्टने भाडेनियंत्रण सैल केले आणि लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये पीटर रॅकमनसारखे मालक जुनी घरे खोल्याखोल्यांनी भाड्याने देऊन जुन्या भाडेकरूंना हुसकू लागले. 'रॅकमनिझम' हा शब्द इंग्रजी शब्दकोशात गेला. १९६१च्या हाउसिंग अ‍ॅक्टने अशा अनेक बिऱ्हाडांच्या घरांवर देखरेखीचे अधिकार कौन्सिलांना दिले. 'हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन', आजच्या भाषेत 'एचएमओ', त्याच सुमारास कायद्याच्या परिभाषेत रुजले.

याच अधिकाराची दुसरी बाजू बर्मिंगहॅममध्ये दिसली. समाजशास्त्रज्ञ जॉन रेक्स आणि रॉबर्ट मूर यांनी तिथल्या स्पार्कब्रुक वस्तीचा अभ्यास करून १९६७मध्ये 'रेस, कम्युनिटी अँड कॉन्फ्लिक्ट' हा ग्रंथ लिहिला. त्यांनी मांडलेली साखळी अशी. सरकारी घर हवे तर शहरात पाच वर्षे वास्तव्य झालेले हवे, तेव्हा नव्याने आलेला माणूस रांगेतच उभा राहू शकत नाही. बँक वा बिल्डिंग सोसायटी त्याला साधे गृहकर्ज देत नाही. मग तो कोणालाही नको असलेले मोठे, जुने, पडके घर महाग व्याजाने घेतो. हप्ते फेडायचे तर खोल्या भाड्याने देण्यावाचून गत्यंतर नाही. भाडेकरू म्हणून येतात त्याचेच नातलग, गाववाले आणि ज्यांना इतर कोणी दार उघडत नाही असे इतर उपरे. आणि मग कौन्सिल येऊन म्हणते, तू वस्ती बिघडवतोस.

१९६५च्या बर्मिंगहॅम कॉर्पोरेशन अ‍ॅक्टने असे घर चालू करण्याआधी नोंदणी सक्तीची केली आणि परिसराचे स्वरूप बिघडेल या कारणाने नोंदणी नाकारण्याची मुभा दिली. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण अनेक बिऱ्हाडांची घरे चालवणारे मुख्यतः कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याच वर्षीच्या पहिल्या रेस रिलेशन्स अ‍ॅक्टने घरभाड्यातला भेदभाव जवळजवळ स्पर्शिलाच नव्हता. तो १९६८च्या कायद्यात आला, आणि तिथेही मालक स्वतः राहत असलेल्या लहान सामायिक घरांना सूट मिळाली. घरमालकाने नकार द्यावा ही त्याची खासगी आवड ठरली. गाववाल्यांना आसरा देणे मात्र परवान्याचा विषय झाला.

पंचाहत्तर जणींचे घर

या इतिहासातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा खटला लंडनच्या चिसविकचा आहे. १९७१मध्ये एरिन पिझी यांनी तिथे नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आलेल्या स्त्रियांसाठी आश्रयघर सुरू केले. दारात आलेल्या बाईला परत पाठवायचे नाही, असा त्यांचा नेम. पुढे ते ज्या मोठ्या घरात हलले, त्याला कौन्सिलने ३६ माणसांची मर्यादा घातली. तपासणीत ७५ बायका-मुले सापडली. खटला उभा राहिला आणि १९७७मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला.

पिझींचा युक्तिवाद असा होता, की हे सारे मिळून एकच घर आहे. आम्ही एकत्र स्वयंपाक करतो, कामे वाटून घेतो. मग हे अनेक बिऱ्हाडांचे घर कसे? लॉर्ड्सनी तो मानला नाही. इतकी माणसे, सतत येणारी-जाणारी, एक कुटुंब म्हणता येणार नाहीत. कायद्याच्या चौकटीत निकाल समजण्याजोगा होता आणि ७५ जीवांच्या घरात आग लागली असती तर काय, हाही प्रश्न खराच. पण एकोणचाळीस जणींना बाहेर काढले असते तर त्या ज्या घरातून पळाल्या, तिथेच परतणार होत्या. ग्लासगोच्या पत्र्यावरचा न सुटलेला प्रश्न शंभर वर्षांनीही तसाच होता.

अठरा वर्षांनी शेफील्डमध्ये उलटा निकाल लागला. १९९५च्या बार्न्स खटल्यात एकत्र राहणारे विद्यार्थी एकच बिऱ्हाड मानता येतात, असे अपील न्यायालयाने म्हटले. त्यांनी मिळून घर घेतले, जेवणखाण एकत्र केले, तर ते परके कसे? आपल्या भाषेत सांगायचे तर चूल एक. भारतीय जनगणनाही कुटुंब मोजताना सामायिक स्वयंपाकघर पाहते. परिणाम मात्र असा झाला, की सलोख्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांना आगीपासूनचे संरक्षण मिळेना. एकमेकांशी न बोलणाऱ्यांना ते मिळे.

अखेर २००४च्या हाउसिंग अ‍ॅक्टने चुलीचा निकष सोडला आणि नाते धरले. नवरा-बायको वा तसे राहणारे जोडपे, आई-बाप, मुले, आजी-आजोबा, नातवंडे, भाऊ-बहीण, काका-मामा, काकू-मावशी, भाचे-पुतणे आणि 'कझिन'. बाकी सारे परके. म्हणजे लेस्टरमध्ये राहणारे दोन मावसभाऊ एक बिऱ्हाड, पण सांगलीच्या एका वर्गात शिकलेले दोन जिवलग मित्र दोन बिऱ्हाडे. आपल्या गिरणगावातल्या एका खोलीत गावचे पंधरा-वीस गडी पाळीपाळीने निजत आणि खाणावळीत जेवत. धोबीतलावला गोवेकरांचे गावोगावचे 'कूड' होते. त्यांना बांधणारे 'गाववाला' हे नाते या यादीत नाही. ते नाते तोडके नव्हते, पण आग लागल्यावर जिना किती रुंद आहे हे ते बदलू शकत नाही. म्हणून रुक्ष वाटली तरी ही व्याख्या मला भाडेकरूच्या बाजूची वाटते. एकमेकांवर किती माया आहे हे न विचारताच ती सुरक्षितता देते.

आगीनंतरचे कायदे

ही सक्ती सहज आली नाही. डिसेंबर १९८१मध्ये नॉटिंग हिलच्या क्लॅनरिकार्ड गार्डन्समधल्या खोल्याखोल्यांच्या घराला आग लागून आठ जण गेले. लायसन्स सक्तीचे व्हावे, ही मागणी तेव्हापासून जोर धरू लागली. १९९९मध्ये ग्लासगोत तळघरातल्या भाड्याच्या घरात दोन विद्यार्थी आगीत अडकले. खिडक्यांना गज होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०००पासून, स्कॉटलंडने अशा घरांना लायसन्स सक्तीचे केले. आरंभी मोठ्या घरांना आणि टप्प्याटप्प्याने तीन माणसांच्या घरांपर्यंत. ज्या शहराने दारावर पत्रे ठोकले होते, त्याच शहरातल्या आगीतून हा नवा नियम जन्मला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६पासून पाच माणसे आणि तीन मजले अशा घरांना सक्ती आली. इंग्लंडात मजल्यांची अट ऑक्टोबर २०१८मध्ये गेली.

जुन्या नोंदणीत आणि या लायसन्समध्ये एक मोठा फरक आहे. ग्लासगोत रात्री थाप पडे ती भाडेकरूच्या दारावर. आता जाब मालकाला विचारला जातो: धुराची सूचना देणारा अलार्म, गॅसची तपासणी, खोलीचे माप, कचऱ्याची सोय. आणि २०१६च्या कायद्यानंतर इंग्लंडात विनालायसन्स घरात राहिलेला भाडेकरू स्वतः न्यायाधिकरणापुढे जाऊन बारा महिन्यांपर्यंतचे भाडे परत मागू शकला. नियम मोडल्याचे पैसे सरकारी तिजोरीत न जाता खोलीत राहिलेल्याच्या हातात, ही कल्पना शाफ्ट्सबरींना सुचली नव्हती. भाडेकरू आता छपरावर लपत नाही. तो तक्रारदार होऊ शकतो. तरीही लायसन्सच्या खर्चाने भाडे वाढते, काही मालक घरच विकतात, आणि ज्याची कागदपत्रे अपुरी तो अजून कोणत्या तरी नोंद नसलेल्या खोलीत असतो.

आपले लायसन्स

आपल्याकडेही घरभाड्यात 'लायसन्स' हा शब्द रोजचा आहे, पण त्याचा अर्थ अगदी उलटा. 'लीव्ह अँड लायसन्स' हे मालकाने भाडेकरूला दिलेले असते. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला इतके संरक्षण दिले, की मालकांनी 'भाडेकरू' हा शब्दच टाळायला सुरुवात केली. हा माझा भाडेकरू नाही, मी त्याला राहायची केवळ परवानगी दिली आहे, अशी ती पळवाट. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांना दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला, तरी पळवाट मिटली नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तिचा राजमार्ग झाला आणि करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आली.

त्या करारात भाडेकरूचे नाव, फोटो, अनामत, मुदत सारे असते. पोलिसांना कळवायची तीही माहिती भाडेकरूचीच. कोथरूडमध्ये, पवईत, नाशिकच्या कॉलेज रोडला तीन खोल्यांत दहा-बारा पेइंग गेस्ट ठेवलेले असतात. तिथे जिना किती रुंद, गॅसची नळी किती जुनी, खिडकीचे गज उघडतात की नाही, हे त्या करारात कुठेच लिहिलेले नसते. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलेली मुलगी कोण, कुठली, कोणत्या जातीची, काय खाते, याची चौकशी होते. ती जिथे निजणार त्या खोलीची होत नाही.

विलायतेचा नियम उचलून आणावा, असे मी म्हणणार नाही. बर्मिंगहॅमने तो कसा वापरला हे पाहिल्यावर, आणि आपल्याकडे कोणाला खोली नाकारली जाते हे माहीत असताना, परवाना नाकारण्याचा अधिकार कोणाच्या हाती द्यायचा याची मला धास्तीच वाटते. पण क्रम बदलावा, एवढे नक्की. आधी खोलीची तपासणी, मग माणसाची. आणि खोली नापास झाली तर दंड मालकाला व्हावा, आणि भाडेकरूला दुसरी खोली मिळेपर्यंत आहे त्या छपराखालून कोणी काढू नये.